बिनमोरीची भिंत

आमच्या चर्चच्या आवाराला भिंत घालायचं ठरलं तेव्हा मी सभेत एकच प्रश्न विचारला होता, आणि त्यावर सगळी कमिटी हसली होती. हसणाऱ्यांत माझा सख्खा भाऊ पुढे. आण्णा कमिटीचा सचिव आणि निवृत्त हेडमास्तर. जन्मभर पोरांना गप्प बसवलेलं, तेव्हा बहिणीला गप्प बसवणं त्याला काही जड नाही. मी निवृत्त नर्स. जन्मभर डॉक्टरांपुढे तोंड चालवलेलं. आम्ही दोघं एकाच घरात राहतो. घरात शांतता असते ती जेवताना, आणि तीही भाकरी गरम असेल तर.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, डोंगराच्या उतरणीला. आता त्याला शहर म्हणायचं, कारण वेशीजवळच्या नव्या कमानीवर तसं लिहिलंय. सुंदर शहर, हरित शहर. त्या कमानीखाली सावलीला म्हणून उभं राहावं तर एक झाड नाही. वरच्या माळावर, जिथे आम्ही लहानपणी बोरं वेचायला जायचो, तिथे प्लॉट पडले, बंगले झाले, बंगल्यांपुढे फरशा आल्या. रस्त्याचं तर विचारू नका. दर काही वर्षांनी जुन्या सिमेंटवर नवं सिमेंट पडतं. रस्ता वर येतो आणि घरं खाली जातात. ज्या ओट्यावर बसून मी पाय हलवत अभ्यास केला, त्या ओट्यावरून आता रस्त्यावर चढून जावं लागतं. याला विकास म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे.

या सगळ्यात चर्चचं आवार तेवढं जुनं राहिलं होतं. मुरमाची जमीन, कडुलिंबाची मोठमोठी झाडं, एका कडेला आमच्यासारख्यांची जुनी घरं. कुंपण नावाला, तेही निवडुंगाचं. पाऊस पडला की माळावरचं पाणी वरच्या कोपऱ्यातून आवारात शिरायचं, झाडांखाली पसरायचं, जमिनीत मुरायचं, आणि उरलेलं खालच्या अंगाने ओढ्याला जायचं. उपासनेला आलेल्या बायका साड्या वर धरून, चिखलाला आणि कमिटीला नावं ठेवत आत यायच्या. आमच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असायचं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं कुणाच्या मनात येत नसे.

त्याच वरच्या कोपऱ्याला लागून, कुंपणापलीकडे आक्काचं घर. दगडमातीच्या दोन खोल्या, पुढे शेळ्या कोंडायचा वाडगा. आक्का लिंबागणेशाकडची. नवरा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणारा माणूस. त्याला लकवा झाला त्या सकाळी आमच्या चर्चमध्ये उपासना चालू होती. आक्काची हाक ऐकून आम्ही धावलो. नेण्यासाठी काहीच सापडेना, तेव्हा चर्चमधलं बाकच उचललं आणि त्याच्यावर निजवून त्याला दवाखान्यात नेलं. माणूस वाचला, पण एक बाजू गेली ती गेलीच. तेव्हापासून तो खाटेवर. त्याची पाठ फुटू नये म्हणून मी रोज आवार ओलांडून जायची, त्याला कुशीवर वळवायची, जखम असली तर धुऊन बांधायची. आक्काने मनात काय बोलून घेतलं ते तिलाच ठाऊक, पण पुढे दर वर्षी आमच्या पहिल्या फळांच्या सणाला, म्हणजे हंगामाचा पहिला वाटा देवाला देतात त्या दिवशी, ती एक करडू आणून बांधायची. "तुमच्या देवाचं बाक लागलं आमाला," एवढंच म्हणायची. मी "सलाम, आक्का" म्हणायची, ती "रामराम, सिस्टर" म्हणायची, आणि दोघींचंही काही अडायचं नाही.

मग कमिटीला भिंतीचं वेड लागलं.

कारणं खूप होती. आजूबाजूच्या जमिनींना भाव आलाय, कुणीतरी दोन फूट आत सरकेल. भटकी जनावरं येतात. पोरं झाडाखाली पत्ते खेळतात. आणि ही सगळी कारणं सांगून झाली की कुणीतरी आवाज खाली आणून म्हणायचं, "हल्ली दिवस बरे नाहीत." यावर सगळे माना डोलवायचे. म्हणजे नेमकं काय झालंय, हे कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. आमची वस्ती मूठभर. भीती बोलून दाखवली तर खरी होईल, असं वाटत असावं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटायचं. रस्त्यावरून घोषणा देत मोटारसायकली गेल्या की मी खिडकी लावून घ्यायची, आणि मग स्वतःवरच चिडायची.

पाळकसाहेब नवे होते, तरुण होते, आवाज चांगला होता. त्यांनी यरुशलेमेचा पडका तट पुन्हा बांधणाऱ्या लोकांच्या कथेवर उपदेशांची माळच लावली. बंदिवासातून परत आलेली माणसं, एका हातात हत्यार, एका हातात काम, आणि वेढून बसलेले शत्रू. ऐकताना अंगावर काटा यायचा. आमच्या बायकांनी तर हातातल्या बांगड्या काढून दिल्या. पण त्या कथेत एक लांबलचक अध्याय आहे, कुणी कोणती वेस बांधली त्याचा. मेंढरांची वेस, मासळीची वेस, पाण्याची वेस. नुसती नावंच नावं. पाळकसाहेबांनी तो सोडून दिला. लोक जांभया देतात म्हणाले.

म्हणून मी सभेत विचारलं, "तटाला वेशी होत्या ना? मग आपल्या भिंतीला पाण्याची वेस कुठे ठेवताय?"

हसून झाल्यावर आण्णा म्हणाला, "ताई, मोरी ठेवली की मोरीतून कुत्री येतात, डुकरं येतात, वरच्या बंगल्यांची घाण येते. पाणी बंद व्हावं म्हणून तर भिंत."

"आणि ते पाणी जाईल कुठे?"

"रस्त्याने जाईल."

"रस्ता वर आहे. वरच्या कोपऱ्यात आक्काचं घर आहे, आणि ते रस्त्यापेक्षा खाली आहे."

"पाणी आपली वाट काढतं," आण्णा म्हणाला आणि पुढचा विषय घेतला. गंमत म्हणजे पुढचा विषय पर्यावरण रविवार हा होता. झाडं कुठे लावायची, यावर लांबलचक चर्चा झाली. त्या रविवारी आम्ही रोपं लावली, सगळ्यांचा फोटो निघाला. त्यानंतर काही दिवसांनी भिंतीच्या पायात येतात म्हणून वरच्या बाजूचे दोन लिंब तोडले. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

भिंत झाली. डोक्याच्या वर जाणारी, पक्क्या विटांची. आक्काने ती बांधून होईपर्यंत काही म्हटलं नाही. शेळ्या लिंबाखाली यायच्या बंद झाल्या. मला तिच्याकडे जायला सबंध आवाराला वळसा घालून रस्त्याने जावं लागू लागलं. एकदा मी तिच्या नवऱ्याची पाठ पुसत होते, तेव्हा तिने विचारलं, "सिस्टर, तुमच्या देवाला भिंत कावून लागती वो?"

"देवाला न्हाई लागत. कमिटीला लागती."

ती हसली नाही. मला वाटलं होतं, हसेल.

पुढे पाऊस सुरू झाला आणि सगळं हळूहळू दिसायला लागलं. पहिल्या सरींचं पाणी भिंतीपाशी येऊन थांबलं. वाहून जायला जागाच नव्हती. ते नुसतं उभं राहिलं, हिरवं झालं, त्याच्यावर डास झाले. मग आक्काच्या घराच्या भिंतींना ओल चढू लागली. आज घोट्याएवढी, पुढच्या सरीनंतर गुडघ्याएवढी. हात लावला की माती हाताला यायची. शेळ्या वाडग्यात बसायला तयार होईनात, उभ्याच राहायच्या. आमच्या भिंतीच्या कामातून उरलेल्या विटा तिथेच पडल्या होत्या. आक्काने त्यातल्या विटा आणून नवऱ्याच्या खाटेच्या पायांखाली ठेवल्या. मोठा पाऊस झाला की आणखी एक थर. मी जाईन तेव्हा खाट थोडी वर आलेली असायची. आधी मी वाकून त्याची पाठ पुसायची, मग उभ्याने, आणि मग माझ्या छातीपाशी आला तो. खाट वर जात होती आणि खाली पाणी वाट बघत होतं. मला त्या खोलीत जायची भीती वाटायला लागली, आणि जाऊन आले की जेवण जायचं नाही.

तो माणूस फारसं बोलू शकायचा नाही. पण रानात जन्म काढलेला. रात्री पाऊस झाला की सकाळी मला बघून डोळे वरच्या बाजूला करायचा, डोंगराकडे. "पानी," म्हणायचा. जड जिभेने, सावकाश, जसं काही कुणी पाहुणा निघालाय आणि वाटेत आहे.

मी आण्णाला ती खाट दाखवायला नेलं. त्याने दारातूनच बघितलं. त्याचा चेहरा उतरला, हे मी बघितलं. माझा भाऊ वाईट माणूस नाही, भित्रा आहे. घरी आल्यावर म्हणाला, "पावसाळा संपला की बघू. आता चिखलात गवंडी मिळत नाही." विहिरीचं पाणी त्या वर्षी भर पावसाळ्यात खाली गेलं होतं. मी तेही दाखवलं.

पहिल्या फळांचा सण परतीच्या पावसात आला. चौसाळ्याच्या बाजूच्या खेड्यांतून आमची माणसं ट्रॅक्टर, टमटममधून आली. कुणी बाजरीची पोती आणली, कुणी भोपळे, मुगाच्या शेंगा, कोंबड्या, गुळाची ढेप. सगळं आवारात मांडलं, कारण उपासनेनंतर तिथेच लिलाव व्हायचा. आक्काने करडू आणलं. भिंतीला वळसा घालून, रस्त्याने, पोटाशी धरून. तिने ते पोत्यांशेजारच्या खुंटीला बांधलं आणि थांबली नाही. "मान्साला एकटं सोडून आलेय," म्हणाली.

आदल्या रात्रभर डोंगरावर विजा चमकत होत्या. सकाळी आमच्याकडे मात्र आभाळ नुसतं काळं होतं. आवार खडखडीत. दर वर्षी या सणाला चिखल तुडवणाऱ्या बायका या वर्षी नव्या साड्या नेसून आल्या होत्या. सगळे भिंतीचं कौतुक करत होते. उपासनेत आण्णा प्रार्थनेला उभा राहिला, आणि त्याने देवाचे आभार मानले की त्याने आम्हाला तट दिला, आणि आमचं अंगण कोरडं ठेवलं. मंडळी "आमेन" म्हणाली. मी म्हटलं नाही.

बाहेर करडू ओरडत होतं. भिंतीपलीकडून त्याची आई उत्तर देत होती. गीत सुरू झालं, पेटी-तबला जोरात, तरी मला ती दोन्ही ओरडणी ऐकू येत होती. मग पलीकडचं ओरडणं बदललं. एक शेळी नाही, सगळ्याच. आणि आवाज खालून नाही, वरून यायला लागला. शेळ्या कशावर तरी चढल्या होत्या. पाऊस तर पडत नव्हता. मग मला डोंगर आठवला. रात्री पडलेलं सगळं आता फरशांवरून, सिमेंटवरून, कुठेही न मुरता खाली येत होतं.

मी उठले. बायकांच्या मांड्यांवर पाय देत बाहेर पळाले. दाराशी एक बाक होतं ते ओढत भिंतीशी नेलं आणि वर चढून पलीकडे बघितलं.

भिंत आणि आक्काचं घर यांच्यामधली गल्ली नव्हतीच. लाल पाणी होतं, भिंतीला घासून गरागरा फिरत होतं. शेळ्या वाडग्याच्या छपरावर. आक्का दारात कमरेइतक्या पाण्यात उभी, खाटेचं एक टोक खांद्यावर घेतलेलं. मागच्या खोलीची भिंत बसली होती आणि खाटेखालच्या विटा सरकल्या होत्या. खाटेचं दुसरं टोक पाण्यात होतं. तो माणूस तिरपा, फक्त तोंड वर. आक्का ओरडत नव्हती. तिने मला बघितलं आणि नुसती बघत राहिली. तो चेहरा मी विसरणार नाही. त्यात राग नव्हता. मी रागाची वाट बघत होते.

मी इतक्या मोठ्याने ओरडले की पेटी थांबली. माणसं बाहेर आली. रस्त्याने वळसा घालून जायला गेलेले दोघं परत आले, तिकडे ओढ होती, पाय ठरत नव्हते. आमची तरणी पोरं पहार घेऊन भिंतीपाशी उभी राहिली आणि सगळ्यांनी आण्णाकडे बघितलं. कोणालाही सांगायला नको होतं. भिंत फुटली की पाणी आत येणार, आणि मधोमध मांडलेली पहिली फळं त्याच्या वाटेत.

आण्णाने मांडलेल्या पोत्यांकडे बघितलं, करडाकडे बघितलं, मग भिंतीकडे. मग तो म्हणाला, "पाडा."

पहिल्या विटा निघायला वेळ लागला. मग पाण्यानेच पुढचं काम केलं. भगदाडातून जे आलं त्याने बाजरी नेली, भोपळे नेले, बाक नेलं, लावलेली रोपं नेली. करडू कुणीतरी उचलून धरलं होतं. पाणी ओसरलं तसे पाळकसाहेब झगा काढून पलीकडे उतरले, पोरं उतरली, आणि खाट त्याच भगदाडातून आत आणली. चर्चमध्ये नेऊन वेदीपुढे ठेवली. मी त्याचे ओले कपडे काढले, त्याला वेदीवरच्या पांढऱ्या कापडात गुंडाळलं, छाती चोळली. खूप वेळाने त्याने डोळे उघडले. फरशीकडे बघितलं, छताकडे बघितलं. मग सावकाश म्हणाला, "हितं वाळलेलं हाय."

आण्णा बाहेर निघून गेला.

आक्काचं घर पुन्हा उभं करायला सगळ्यांनी हात लावला, हे सांगायलाच हवं. पोरांनी मागच्या खोलीची भिंत रचली, पत्रे घातले. आक्काचा नवरा वाचला, पण छातीत घरघर राहिली ती अजून आहे. भगदाड तसंच राहिलं. त्यातून शेळ्या परत लिंबाखाली येऊ लागल्या. पावसाचं पाणी आवारात येऊ लागलं. बायका पुन्हा साड्या वर धरून चिखलाला नावं ठेवू लागल्या आणि विहिरीत पाणी आलं. मला त्या भगदाडाचं इतकं प्रेम वाटायला लागलं की मी येता-जाता त्याच्या फुटक्या कडेला हात लावायची. कोणत्याही योजनेत कुणी दिलं नसतं असं काहीतरी आमच्या शहराला चुकून मिळालं होतं. शेजाऱ्याचं पाणी आपल्या अंगणातून जाऊ द्यायचं, चिखल होईल तो सोसायचा. यापेक्षा मोठी शहाणी गोष्ट मला त्या कमानीवर लिहायला सुचत नाही.

आक्का मात्र बदलली. बोलते, हसते, पण घरातलं सामान ती कधी सगळं मांडत नाही. एक गाठोडं बांधलेलंच असतं. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाली, "सिस्टर, भिंत तुमची हाय. तुमीच बांधली, तुमीच पाडली. बरं केलं. पर परत बांधायची आसंल तवा आदी मला सांगा. मी मान्साला घिऊन आदीच जाते."

"कुठे जाशील?"

"जाईन कुटंबी. आमचा जल्म हिंडण्यात गेलाय."

मी म्हटलं, परत कोण बांधतंय? आणि मला ते खरंच वाटत होतं.

या उन्हाळ्यात पुन्हा रस्त्यावरून मोटारसायकली जायला लागल्या. पुन्हा सभांमध्ये आवाज खाली यायला लागले. दिवस बरे नाहीत. आज सकाळी मी उठले तर भगदाडापाशी ट्रॅक्टर विटा उतरवून गेला होता. विटांच्या वर एक प्लास्टिकचा पाइप पडला होता, मनगटाएवढा.

"आता मोरी ठेवतोय ना," आण्णा म्हणाला. "तुझंच ऐकलं."

"त्या पाइपातून डोंगराचं पाणी जाणार? का आक्काचा नवरा जाणार?"

"ताई, सगळ्यांनी ठरवलंय. दुपारी गवंडी येतोय."

मी घरातली प्लास्टिकची खुर्ची उचलली, भगदाडाच्या मधोमध ठेवली आणि बसले. गुडघे दुखतात, आता मला उठवणं सोपं नाही. गवंडी आला, मला बघून बिडी पेटवून लांब बसला. मग आण्णा आला. आधी रागावला, मग समजावू लागला, मग नुसता "ऊठ" म्हणाला.

"उठते," मी म्हणाले. "तिने सांगून ठेवलंय, बांधायच्या आधी कळवा. तू जाऊन सांगून ये. मग मी उठते."

तिचं दार तिथून चार पावलांवर. उघडंच होतं. आत खाट दिसत होती. खाटेच्या पायांखाली अजून आमच्याच विटा. आक्का दारात बसून शेळीचं दूध काढत होती आणि मान वर न करता ऐकत होती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

आण्णा माझ्या शेजारून पुढे झाला, फुटक्या कडेवर हात ठेवला आणि थांबला. डोंगराच्या बाजूला आभाळ काळं होत चाललं होतं. आतून जड जिभेचा आवाज आला, "पानी." आण्णाने पाय उचलला नाही, आणि मागेही फिरला नाही.